ज्याचं दार त्यानं उघडावं

आमच्या मामाजींइतका दारांचा विचार केलेला माणूस साऱ्या गोंदियात दुसरा झाला नाही, आणि गोंदियाबाहेर झाला असेल असंही मला वाटत नाही. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामाजीच म्हणतात. सुतारसुद्धा दारं करतो, पण बिजागरी बसली की त्याचा दाराशी संबंध संपतो. मामाजींचा तिथून सुरू व्हायचा. दार कोणी उघडावं, कसं उघडावं, उघडण्याआधी त्याच्यापुढे किती वेळ उभं राहणं माणसाला शोभतं, यावर ते जेवताना बोलत, फिरताना बोलत, आणि एकदा तर रेल्वेच्या डब्यात कोणाच्या तरी वऱ्हाडापुढे बोलले होते. नवरदेव मन लावून ऐकत होता. आता घरात पहिल्यांदा कोण शिरणार आणि दार कोण अडवणार, ही त्याची स्वतःची काळजी होती.

क्रमानं सांगते, नाहीतर मामाजींच्या गोष्टी एकमेकींत गुंततात. मामाजी गोंदियातल्या एका मोठ्या तांदळाच्या गिरणीचे मॅनेजर होते. देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि "आता आम्ही दोघंही मोकळे" असं म्हणून घरी येऊन बसले. घरी बसलेला मॅनेजर म्हणजे काय, ते घर चालवणाऱ्या बाईलाच विचारावं. सासूबाई मी लग्न होऊन येण्याआधीच गेल्या होत्या, त्यामुळे मॅनेजरीसाठी उरलं होतं ते माझं स्वयंपाकघर. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की आंघोळ करून, काळा कोट चढवून, डोक्यावर टोपी ठेवून मामाजी ओसरीत हजर. जायचं कुठेच नसायचं. पानात भात पडला की पहिला घास तोंडात जात नसे. चिमूटभर भात ताटाच्या कडेला पसरायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि आख्खे दाणे किती, तुकडे किती, ते बघायचं. "कणी जास्त आहे," असा निकाल द्यायचा आणि मग सगळा भात संपवायचा. हा निकाल ते लग्नाच्या पंगतीतही देत. गोंदियाला लागूनच असलेल्या फुलचूरच्या एका लग्नात मुलीच्या बापानं तो ऐकला आणि बिचाऱ्यानं दुसऱ्या पंगतीसाठी नवी पोती फोडायला लावली.

मी मनातल्या मनात या माणसासाठी एखादं काम शोधत होते. घरातली मोडकी छत्री, मुलांचा अभ्यास, विहिरीवरचा रहाट, सगळं देऊन झालं होतं. शेवटी काम त्यांना स्टेशनावर सापडलं. नागपूरच्या गाडीनं उतरलेला एक पोरगा मुसाफिरखान्याच्या दारापुढे उभा होता. दार नुसतं लोटलेलं, फटीतून आतली माणसं दिसत होती आणि हा बाहेर. मामाजींनी विचारलं, "काऊन उभा आहेस रे?" तो म्हणाला, "दार बंद आहे जी." पोरगा जेलातून सुटून आला होता. मामाजी त्याला घेऊनच घरी आले, तर तो आमच्याही दारापुढे तसाच उभा. मी उघडायला निघाले. मामाजींनी मला हातानं थांबवलं आणि हळूच म्हणाले, "सूनबाई, इतकी वर्षं याचं दार दुसऱ्यानं उघडलं, दुसऱ्यानं लावलं. याचा हात विसरलाय. थांब, उघडेल तो." आम्ही थांबलो. वरणावर साय धरली. मग दार हळूच किलकिलं झालं, आणि मामाजींचा चेहरा असा फुलला की मी ते वरण पुन्हा गरम केलं आणि तक्रार केली नाही.

त्या दिवसापासून आमच्या घराचा कायदा ठरला: ज्याचं दार त्यानं उघडावं. बाहेरचा उभा असताना आतून बोलायचं नाही, खुणवायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. हा कायदा सुटून आलेल्या पोरांसाठी होता, पण मामाजींनी गिरणीत कधी एकासाठी एक आणि दुसऱ्यासाठी दुसरा नियम ठेवला नव्हता, तो घरी कसा ठेवतील? माझ्या माहेरची माणसं उन्हात उभी राहिली. पोस्टमन हाका मारून थकला आणि पत्रं शेजारी टाकू लागला. आमचे हे रेल्वेच्या मालधक्क्यावरून दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन यायचे, दाराशी थांबायचे, आणि आत मामाजी बंगईवर झोके घेत त्यांच्याकडे कौतुकानं बघत बसायचे. पुढे यांनी पायानं दार लोटायची युक्ती काढली. मामाजी म्हणाले, "हेही चालेल. स्वतःचाच पाय आहे."

जेलातल्या एका ओळखीच्या कारकुनाकडून चिठ्ठी यायची की अमका आपल्या भागाकडचा सुटतोय. मग मामाजी काळा कोट घालून स्टेशनावर. पोरगा ओळखायची त्यांची रीत ठरलेली होती: डोक्याचे केस उतरवलेले, काखेत गाठोडं, आणि अंगावरच्या कपड्यांना घड्या. पकडला त्या दिवशीचे कपडे जेलात ठेवून घेतलेले असतात आणि सुटताना तेच मिळतात. मधल्या काळात पोरगा वाढलेला, त्यामुळे पायजमा घोट्यांच्या वर. पहिलं काम म्हणजे मी शिलाईची पेटी काढून पायजम्याची दुमड सोडायची. दुसरं काम मामाजींचं. "काय केलं होतंस?" हा प्रश्न त्यांनी कधी कोणाला विचारला नाही. ते विचारायचे, "काय येतं तुला?"

बहुतेक म्हणायचे, कायी नाई जी. एकजण तर पुष्कळ दिवस कायी नाईच म्हणत राहिला. मग एकदा माझ्या मोठ्या ट्रंकेची किल्ली हरवली म्हणून मी डोक्याला हात लावून बसले होते. त्यानं माझ्या अंबाड्यातला आकडा मागितला, ट्रंकेकडे पाठ करून काही तरी केलं, आणि झाकण उघडलं. मी एकदा ट्रंकेकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. मामाजी मात्र आनंदानं उठून उभेच राहिले. "अरे, येतं की तुला!" दुसऱ्या दिवशी त्याला बाजारात कुलपं आणि टॉर्च दुरुस्त करणाऱ्याकडे नेऊन बसवला. पुढे निम्मं गोंदिया किल्ली हरवली की त्याला बोलावू लागलं. त्यात पोलीस लाईनीतली घरंही होती.

तिसरं काम नोकरी मागण्याची तालीम. ओसरीत दोन खोकी मांडून टेबल व्हायचं आणि मामाजी पलीकडे बसून कधी रागीट मॅनेजर, कधी बहिरा शेठ, कधी बोलताना कानच कोरत बसणारा मुनीम व्हायचे. पोरानं नजर वर ठेवून सरळ उत्तर द्यायचं. रागीट मॅनेजर त्यांना इतका छान जमायचा की एकदा समोरच्या काकू भांडण सोडवायला धावत आल्या. तालीम चाललीय असं सांगितलं, तर त्या तिथंच बसल्या आणि पोराला म्हणाल्या, "घाबरू नको बापू, म्हातारा तसा चांगला आहे." सुरुवातीला याच काकूंनी पितळेची भांडी आत नेऊन ठेवली होती. नंतर नंतर तालमीत शेठाणीचं काम त्या स्वतः मागून करू लागल्या.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मामाजींच्या मागे मॅनेजर बदलले, तरी गिरणीत त्यांचा शब्द अजून चालायचा. दिवाळीनंतर नवं धान आलं की त्यांची पोरं तिथं हमालीला लागायची. गावातल्या बाकीच्या गिरण्या या गिरणीकडे बघून माणसं घेत. तिथं एकदा पाय टिकला की पोरगा कुठेही टिके. अशात सुखदेव सुटून येणार अशी चिठ्ठी आली, आणि मामाजींच्या हातून ती चूक झाली.

ते स्टेशनावर गेले. गाडीला गर्दी होती, पलीकडून रायपूरकडचीही गाडी आली होती. गर्दीत त्यांना केस उतरवलेलं डोकं दिसलं, काखेतलं गाठोडं दिसलं. "मिल में काम करने आए हो न?" त्यांनी विचारलं. "जी." "चलो बेटा, मैं तुम्हीं को लेने आया हूँ." सायकलरिक्षात त्यांनी आपण गिरणीचे जुने मॅनेजर असल्याचं सांगितलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. "पीछे का सब भूल जाओ," ते म्हणाले, आणि त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी आल्यावर रीतीप्रमाणे मामाजी दाराशी बाजूला उभे राहिले, मी आत श्वास धरून उभी. त्या माणसानं धाडकन दार ढकललं, आत आला, खाटेवर बसला आणि पाणी मागितलं. मामाजी थक्क झाले. "सूनबाई," ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "असा पोरगा आजवर आला नाही."

माझी नजर त्याच्या बुटांवर गेली. पॉलिश केलेले होते आणि मापाचे होते. पायजम्याची दुमड सोडायची गरज नव्हती. पण मामाजी सुटले होते. पान वाढेपर्यंत त्यांनी सगळा उपदेश संपवला: पहिल्याच दिवशी मुकादमाशी वाद घालू नको, जुने दोस्त भेटायला आले तर दारातूनच परत पाठव, आणि इतके दिवस कुठे होतास असं कोणी विचारलं तर मान खाली घालू नको. "कहाँ था, मतलब?" तो माणूस भाताचा घास हातात धरून म्हणाला. "बिलासपूर में था. पिताजी की तेरहवीं करके आ रहा हूँ. मेरा ट्रंक गाड़ी के ब्रेकवान में है, मिल का आदमी ले आएगा. मैं नया मैनेजर हूँ."

इथं कोणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. त्या गृहस्थाला काही कळलं नव्हतं. जुना मॅनेजर प्रेमानं घ्यायला आला, प्रेमानं चार गोष्टी सांगितल्या, एवढंच त्याला वाटत होतं. मी मामाजींना खुणावलं, वाटीत आणखी तूप वाढलं, शक्य ते सगळं केलं. पण मामाजींनी आयुष्यात काही लपवलं नव्हतं. त्यांनी हात जोडले आणि आपण त्याला कोण समजलो, ते सरळ सांगून टाकलं. वर कौतुकानं हेही सांगितलं की दार मात्र तुम्ही फार छान उघडलंत.

नवे मॅनेजर भरल्या पानावरून उठले. दारात वळून म्हणाले, "मेरे रहते मिल में जेल का एक भी आदमी नहीं आएगा." आणि गेले.

मामाजी तसेच टोपी घालून स्टेशनावर धावले. दुपार उलटून गेली होती. प्लॅटफॉर्मच्या अगदी टोकाच्या बाकावर सुखदेव गाठोडं मांडीवर घेऊन बसला होता, सकाळी उतरला तेव्हापासून. "भूक नाही लागली का रे?" "लागली जी. साहेब येतीन मनून सांगतलं होतं. मंग कोनी उठ नाई मनलं, तं मी बसूनच राहिलो."

चोरखमाऱ्याच्या तलावाखालच्या गावचा हा पोरगा. बांधावरच्या पाण्यावरून भांडण झालं आणि यानं फावड्याचा दांडा शेजाऱ्याच्या डोक्यात घातला. शेजारी वाचला, हा जेलात गेला. हे त्यानं मला पुढे कधी तरी तांदूळ निवडताना आपणहून सांगितलं. गावात त्याची आई भावाच्या घरी कोपऱ्यात पडून होती. गिरणीत काम लागलं तर फुलचूरला एक खोली घेऊन तिला आणायची, एवढंच त्याच्या मनात होतं. काय येतं तुला, असं मामाजींनी विचारलं तेव्हा तोही म्हणाला, "कायी नाई जी." आणि खरंच, दाराची गोष्ट त्याला काही केल्या जमेना. बाकीचे थोड्या वेळानं तरी हात पुढे करायचे, हा उभाच. सकाळी अंगणात पाणी भरायला गेला की परत येताना भरलेल्या बादल्या घेऊन उभा. मी कायदा मोडून दोन-तीनदा दार उघडलं. मामाजींनी ते बघितलं, आणि त्या रात्री त्यांनी भातातली कणीही बघितली नाही.

नोकरीचं तर दारच बंद झालं होतं. मामाजी दुसऱ्या गिरण्यांत गेले. सगळ्यांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि तेच सांगितलं, तुमच्याच गिरणीनं नाही म्हटलं तर आम्ही कसं घ्यावं? मामाजी घरी आले, बंगईवर बसले, आणि उठले ते निर्णय घेऊनच.

हमालांची भरती फाटकावर व्हायची. सकाळी भोंग्याआधी सगळे रांगेत उभे राहायचे आणि मुकादम ज्याच्या खांद्यावर हात ठेवील तो आत. दुसऱ्या दिवशी त्या रांगेत सुखदेव उभा राहिला, आणि त्याच्या मागे काळा कोट, टोपी, हातात काठी घेऊन मामाजी. मुकादमाला मामाजींनीच कधी काळी कामावर घेतलेलं. तो घामाघूम झाला.

"साहेब, तुमी इथं कायले उभे जी? लोकं पाहून राहिले."

"पाहू दे. मी काम मागून राहिलो."

"खुर्ची तरी आनू का?"

"खुर्चीवर बसून कोणी काम मागते का रे?"

सुखदेवच्या खांद्यावर हात ठेवायला मुकादमाला बंदी होती, आणि मामाजींच्या खांद्यावर ठेवायची हिंमत नव्हती. त्यानं मागच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला, तर तो माणूस म्हणाला, साहेब माझ्या पुढे आहेत, त्यांच्या आधी मी कसा जाऊ? त्याच्या मागचाही तेच म्हणाला. मामाजी वळून सांगत होते, "अरे जा बाबांनो, तुमचा खाडा होईल." पण ते लोक मामाजींच्या हाताखाली वाढलेले. नियम म्हणजे नियम, रांग म्हणजे रांग, हे त्यांना मामाजींनीच शिकवलं होतं. सगळे शांतपणे बिड्या ओढत उभे राहिले. आत बॉयलर पेटलेला, कोंडा जळतोय, वाफ तयार, आणि धान टाकायला माणूस नाही. मी मामाजींचा डबा घेऊन गेले होते, म्हणून हे सगळं मला डोळ्यांनी बघायला मिळालं.

शेवटी मोठ्या फाटकातला दिंडी दरवाजा, एक माणूस वाकून जाईल एवढा, उघडला आणि नवे मॅनेजर बाहेर आले. डोक्यावर आता बोटभर केस उभे राहिले होते. "बाबूजी, आप चाहते क्या हैं?"

"काम," मामाजी म्हणाले. "पण माझ्या आधी याचा नंबर आहे."

मॅनेजरांनी सुखदेवकडे बघितलं. "इसका क़सूर क्या था?"

"वो तो मैंने आपसे भी नहीं पूछा था," मामाजी म्हणाले.

रांगेत कोणी तरी खुदकन हसलं. मॅनेजरांनी ओठ दाबून धरले, पण ते हसू त्यांच्याही मिशीतून सुटलंच. आमच्या घरचं अर्धं राहिलेलं जेवण त्यांना आठवलं असावं. "ठीक है," ते म्हणाले, "आने दो." आणि ते वाकून आत गेले. त्यांच्या मागे दिंडी दरवाजा आपसूक लोटला गेला.

सुखदेव पुढे झाला आणि त्या बंद दरवाजापुढे उभा राहिला.

मुकादमानं उघडायला हात पुढे केला, तो मामाजींनी काठीनं अडवला. बिड्या विझल्या. सगळी रांग त्या पोराच्या पाठीकडे बघत होती, आणि मला वाटतं दरवाजाच्या पलीकडेही कोणी तरी तसंच थांबलं होतं, कारण जाणाऱ्या पावलांचा आवाज आला नव्हता. माझ्या हातातला डबा जड झाला. जाऊन तो दरवाजा उघडावा असं माझ्या इतकं मनात आलं की मी एक पाऊल पुढे टाकलंही. मामाजींनी मान न वळवता म्हटलं, "थांब."

मग सुखदेवनं शिदोरीचं गाठोडं डाव्या काखेत घेतलं, उजवा तळहात पत्र्यावर ठेवला आणि ढकललं. तो वाकून आत गेला. मामाजी मात्र आत गेले नाहीत. त्यांनी माझ्या हातातला डबा घेतला, "चल, घरी जाऊन जेवू," म्हणाले, आणि वाटभर काठी हवेत फिरवत चालले. मागे गिरणी सुरू झाल्याचा धडधडाट ऐकू आला. त्या दिवशी भातात कणी कमी होती.

पुढे सुखदेवनं फुलचूरला खोली घेतली, आईला आणलं, आणि ती बाई पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा दार ढकलून थेट माझ्या चुलीपाशी येऊन बसली. नवे मॅनेजर वर्षाच्या आतच मामाजींना चिठ्ठी पाठवू लागले की माणसं कमी आहेत, कोणी सुटलंय का? राज्यांच्या नव्या रचनेत गोंदिया मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलं, आण्याचे नवे पैसे झाले, पण आमच्या घराच्या कायद्यात बदल झाला नाही. दिवाळीला जुनी पोरं बायकामुलांना घेऊन यायची, आणि एकेक करून, दार मागे लोटून, पुन्हा उघडून आत यायची. पोरांच्या पोरांना हा आमच्या घरचा देवाधर्माचा प्रकार वाटायचा.

मामाजींच्या शेवटच्या वर्षी त्यांच्या लक्षात काही राहीनासं झालं. सुखदेव तेव्हा गिरणीत मुकादम झाला होता. तो रोज काम सुटल्यावर त्यांना फिरायला नेऊन आणायचा. एका संध्याकाळी बराच वेळ झाला तरी आत कोणी आलं नाही म्हणून मी खिडकीतून बघितलं. मामाजी आमच्या दारापुढे उभे होते. काळा कोट, टोपी, हातात काठी. दार नुसतं लोटलेलं होतं. मी लगबगीनं निघाले, तर त्यांच्या मागे उभ्या असलेल्या सुखदेवनं मला हातानं थांबवलं. "थांबा बाई," तो ओठांतल्या ओठांत म्हणाला, "उघडतीन."

मी आत, ते दोघं बाहेर, असे आम्ही उभे राहिलो. वरणावर साय धरली असेल. मग मामाजींचा हात वर आला, लाकडावर जरा टेकला, आणि दार उघडलं. ते आत आले, वळले, आणि उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या त्या थोराड माणसाकडे त्यांनी कोऱ्या, मायेच्या नजरेनं बघितलं.

"ये, आत ये," ते म्हणाले. "काय येतं तुला?"

"दार उघडता येते जी," सुखदेव म्हणाला.

"मग झालं," मामाजी खूश होऊन म्हणाले. "बाकीचं शिकता येतं." आणि मला म्हणाले, "सूनबाई, पोरगा चांगला दिसतो. याचंही पान घे."

मी दोघांची पानं घेतली.